एटीव्ही घेताना सीसी नंतर बघा, आधी मागचा एक्सल बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कामालाही चालेल आणि रानवाटांवर भटकायलाही चालेल अशी एटीव्ही (जाड टायरांची, बाइकसारख्या हँडलची चार चाकी गाडी) कुठली घ्यावी यावर लेख आलाय तो वाचला. फोटो झकास, पण अख्खा लेख सीसी किती, पळते किती आणि डिस्प्ले केवढा यातच संपला. मी बरीच वर्षं रोज या गाडीवर असतो, ट्रॉली ओढणं, फवारणी, कुंपणाचे खांब वाहणं हे सगळं तिच्यावरच आणि सुट्टी मिळाली की तीच गाडी घेऊन डोंगरात, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. टॉप स्पीडचा मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही!

पहिली गोष्ट गिअर की बेल्ट. लेखात 'ऑटोमॅटिक' एवढाच शब्द आहे, पण बहुतेक ऑटोमॅटिक एटीव्हींमध्ये इंजिनाची ताकद एका रबरी बेल्टवरून पुढे जाते हे कुणी सांगतच नाही. माझी पहिली गाडी सेकंडहँड, बेल्टवाली. ओल्या लाकडांनी भरलेली ट्रॉली लावून मी चढावर हायमध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरमध्येच रेटत होतो, लो गिअर आहे हे माहीत होतं पण कोण थांबून टाकतोय, आणि अर्ध्या चढावर जळक्या रबराचा वास आला, मग इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. कव्हर उघडलं तर बेल्टचे धागे पुलीला गुंडाळलेले. ते धागे चिमट्याने एकेक करून उपसताना जे शिकलो ते कुठल्या ब्रोशरमध्ये नव्हतं. चूक माझीच होती, हळू आणि जड काम असेल तर लो टाकायचाच. पण चूक माफ करणारी गाडी आणि न करणारी गाडी यात फरक असतो हेही तेव्हाच कळलं.

होंडाच्या रँचर, फोरमनमध्ये बेल्टच नाही, सरळ गिअर आहेत, मॉडेल बघून पायाने, बटणाने नाहीतर आपोआप पडणारे, आणि म्हणून रोज ओझं ओढणारी माणसं त्या धरून असतात. यामाहाच्या कोडिअॅक, ग्रिझलीमध्ये बेल्ट आहे पण तो कायम ताणलेला राहील अशी रचना आहे आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनानेच गाडीला धरून ठेवणं, चांगलं मिळतं. हे इंजिन ब्रेकिंग फार महत्त्वाचं बरं का, काही जुन्या बेल्टवाल्या गाड्या उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की न्यूट्रलला पडल्यासारख्या घरंगळायला लागतात आणि मागे भरलेली ट्रॉली असली तर तोंडचं पाणी पळतं. बेल्टवालीच घ्यायची असेल तर खुशाल घ्या, वाईट नसते, फक्त बेल्टच्या डब्यातलं पाणी काढायचा बूच कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, ओढा ओलांडल्यावर बेल्ट घसरायला लागला की तोच कामाला येतो.

दुसरं म्हणजे मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, आणि यावर लेखात एक ओळ नाही. एक प्रकार अखंड एक्सलचा, दुसरा दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारा. १९९६ च्या पोलारिस स्पोर्ट्समन ५०० पासून हा दुसरा प्रकार लोकांना आवडायला लागला आणि आवडणारच, दगडधोंड्यातून जाताना कंबर वाचते आणि पोटाखाली जागाही जास्त मिळते. पण मागच्या रॅकवर ओझं टाकलं की हीच गाडी खाली बसते आणि ती जागा कमी होते, आडव्या उतारावर झुकतेही जास्त. अखंड एक्सलवाली हाडं खिळखिळी करते पण ओझ्याखाली तिच्या एक्सलची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते, आणि मागच्या चाकांजवळ फाटायला रबरी बूटच (सांध्यावरची ग्रीस झाकणारी टोपणं) नसतात. रँचरमध्ये तर एकाच इंजिनावर दोन्ही प्रकार मिळतात. माझं गणित साधं आहे, आठवड्यात चार दिवस ओझं आणि एक दिवस भटकंती असेल तर अखंड, उलट असेल तर दुसरी. दोन्हींत उत्तम अशी गाडी मला अजून भेटायची आहे.

सेकंडहँड बघणाऱ्यांसाठी थोडं. मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, कारण थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचंय. मग सीट काढून एअर फिल्टर उघडा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, बोट फिरवा. बोटाला मऊ धूळ लागली की मी पुढे काही बघतच नाही, कारण ती धूळ आत सिलिंडर घासत बसलेली असते, बाहेरून गाडी कितीही चकचकीत असू दे. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढच्या चाकांजवळचे रबरी बूट हाताने दाबून चिरा बघा, चीर पडली की ग्रीस बाहेर आणि चिखल आत, मग वळताना कटकट आवाज, आणि तिथून खर्च सुरू. रेडिएटर असेल तर जाळीत वाळलेला चिखल किती बसलाय ते पण बघा, उन्हात हळू काम करताना गाडी तापते ती बऱ्याचदा त्यामुळेच. आणि हो, ऑइल फिल्टर बदलायला किती प्लास्टिक खोलावं लागतं ते विचारा, जे काम कटकटीचं असतं ते माणूस पुढे ढकलतो आणि मग कंपनीला शिव्या देतो (मी पण दिल्यात).

टायरमधली हवा हा तर वेगळाच विषय. यात साधारण ५ पीएसआयच्या आसपासच हवा असते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, आणि कारचा गेज इतक्या कमी आकड्याला नीट हलतही नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. एका टायरमध्ये दोनच पीएसआय कमी असले तरी गाडी एका बाजूला ओढते आणि आपण हँडलला दोष देतो. फवारणीची टाकी लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते कारण पाणी वळणावर एका अंगाला धावतं.

आणि आता मुख्य तक्रार. लेखासोबतच्या मोठ्या फोटोत एका सीटच्या गाडीवर दोघं बसलेत, तेही डांबरी रस्त्यावर आणि बिनहेल्मेटचे. ती सीट लांब असते ती दुसऱ्यासाठी नव्हे, चालवणाऱ्याला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावं म्हणून. मागे माणूस बसला की सरकायला जागाच राहत नाही आणि चढावर पुढची चाकं उचलतात. दोघांना जायचंच असेल तर दोन सीटची लांब मॉडेल वेगळी मिळतात. बऱ्याच गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे डांबरावर तर वळताना गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते. तीन चाकांच्या एटीव्ही अपघातांमुळेच १९८८ मध्ये अमेरिकेत विकायच्या बंद झाल्या, आणि ऑस्ट्रेलियाने तर ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या गाड्यांना, गाडी उलटली तर चालवणारा चिरडू नये म्हणून, मागे संरक्षक दांडा सक्तीचा केलाय. त्यावरून होंडा, यामाहा, पोलारिस यांनी तिथे या गाड्या विकणं थांबवायचं ठरवलं, म्हणजे विषय किती तापला होता बघा, आणि आपण फोटो छापतोय दोघांचा.

पुढच्या रविवारी निदान त्या फोटोबद्दल दोन ओळींची दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक