सायलीस, बेरेट आवळतेय त्याबद्दल

प्रिय सायली, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस एनसीसीची बेरेट, म्हणजे ती लोकरीची गोल कॅप, इतकी टाइट आहे की फॉलिनला, रांगेत अर्धा तास उभं राहिलं की कपाळ ठणकतं आणि काढल्यावर भुवयांच्या वर लाल वळ दिसतो. तुला घाई होती म्हणून तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता निवांत लिहितोय. तुझ्या मैत्रिणीने मागचा पट्टा कात्रीने कापला म्हणालीस, तसलं काही करू नकोस बाई, एकदा पट्टा कापला की कॅप डोक्यावर बसतच नाही, सलामीला हात गेला की सरकते.

आधी माप घे. शिलाईची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथं जास्त फुगीर आहे तिथून फिरव. कॅपच्या आत आकडा असेल, 55, 56, 57 असा, तो सेंटिमीटरमधला घेर. तुझ्या मापात नि त्यात एकाचा फरक असेल तर घरच्या घरी जमतं. दोनचा असेल तर मेहनत वाया, सरळ स्टोअरला जाऊन बदलून माग, लाजायचं काय त्यात. आणि अंबाडा कुठं बांधतेस ते पण बघ, मानेवर खाली हवा, वर बांधलास की पट्टा त्याच्यावर चढतो आणि पुढून कपाळात रुततो, मग दोष कॅपला.

आता खरी गोष्ट. लोकर सैल होते गं, आवळतो तो पट्टा. आत बघ, कडेच्या पट्ट्यातून एक काळी नाडी फिरवलेली असते, तिची गाठ मागे असते, बऱ्याचदा टोकं आत खुपसलेली असतात म्हणून दिसत नाहीत. ती गाठ सोड, कॅप डोक्यावर बसव, मग पुन्हा हलकी बांध. निम्म्या पोरांचं दुखणं इथंच संपतं. पट्टा आणि कपाळ यांच्यात एक बोट जेमतेम जायला हवं, दोन गेली तर सैल.

तरी घट्ट वाटली तरच पाणी. पण पहिल्यांदा बॅज आणि तो लाल पिसांचा तुरा, हॅकल, काढून ठेव, पिसांचा रंग उतरला तर काय करणार आहेस. पाणी कोमट, मनगटावर ओतलं तर गरम लागू नये एवढंच. कढत पाण्यात घालून चोळलीस की लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात आणि कॅप आणखी आकसते, मशीनला तर दाखवू पण नकोस. लोकरीचा भाग भिजव, पट्टा चामड्याचा असेल तर तो शक्यतो कोरडा राहू दे, भिजून वाळला की कडक होतो. पिळायची नाही, जुन्या टॉवेलमध्ये दाबायची, नवीन कॅपचा हिरवा रंग सुटतो, टॉवेलला आणि कपाळाला पण लागेल, घाबरू नकोस, साबणाने जातो.

मग ओलीच डोक्यावर चढव. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर, उजवी बाजू कानाकडे खाली ओढून तळहाताने सपाट करत राहा. अर्धा पाऊण तास अशीच बस, अभ्यास कर, रूममेट हसतील त्यांना हसू दे. नंतर काढून सावलीत आडवी ठेव, खुंटीला टांगू नकोस, हेअर ड्रायर पण नको. पातेल्यावर चढवून वाळवतात काही जण, पण पातेलं गोल असतं आणि डोकं लांबट, मग कानावर ढिली नि कपाळावर तशीच घट्ट. टोप्या बनवणारे लाकडाचा लांबट फर्मा वापरतात तो यासाठीच. तुझ्याकडे फर्मा फुकटचा आहे, खांद्यावर.

मी हे फौजेत, बेळगावला रिक्रूट असताना ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांकडून शिकलो. काल पारावर विषय काढला आणि फसलो, आपल्या अपशिंग्यात घरटी एक फौजी, कोण म्हणतं वाफ दे, कोण म्हणतं फुटबॉल घाल, तासभर भांडण चाललं आणि चहाचे पैसे मलाच द्यावे लागले. एक रिटायर्ड टँकवाले नाना होते, ते म्हणाले बेरेट मुळात आमचीच. खरंय ते थोडंफार, ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरने 1924 मध्ये काळी बेरेट घेतली, टँकच्या आत पुढं छज्जा असलेली टोपी अडायची आणि काळ्या रंगावर ग्रीसचे डाग दिसायचे नाहीत. म्हणजे बघ, ही टोपी डोक्याला धरून बसावी म्हणूनच घेतलेली, थोडी पकड लागणारच. ठणका नको एवढंच.

कॅम्पच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नकोस, पुण्याच्या पावसात लोकर वाळायला दोन दिवस सहज जातात. येत्या रविवारी कर. आणि माप व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, स्टोअरवाले नाही म्हणाले तर मी साताऱ्यात बघतो. मम्मीने शेंगदाण्याचे लाडू केलेत, पार्सल शनिवारी निघेल.

तुझा,
पप्पा