गृहमंत्र्यांना खुले पत्र : वही बंद्याजवळ राहू द्या

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेली सहा वर्षं मी राज्यातल्या एका मध्यवर्ती कारागृहात दर शनिवारी नाटकाचा आणि लेखनाचा वर्ग घेतो. कारागृहाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी दार उघडलं म्हणून तर मी आत गेलो.

गेल्या पावसाळ्यात बराकीची झडती झाली. विड्या, घासून धार लावलेला चमचा, आणि त्यांच्याबरोबर एका बंद्याची शंभरपानी वही गेली. वहीत त्याच्या एकांकिकेचे तीन प्रवेश होते. ती परत मिळाली नाही. पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "सर, तोंडीच सांगतो. डोक्याची झडती कोण घेणार?" सगळे हसले. दुसरा प्रवेश मात्र त्याला काही केल्या आठवेना.

टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीनं लिहिलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ते राजबंदी होते, हे मला कळतं. माझ्या वर्गात जुन्या भारतीय दंड संहितेच्या 302 (खून) आणि 395 (दरोडा) कलमाखालची माणसं आहेत. पण कागद-पेन्सिल तेव्हा इंग्रजांनी दिली होती हो!

नाटकानं काय होतं, असं मला नेहमी विचारतात. एकच प्रसंग सांगतो. आम्ही 'मुलाखत' बसवत होतो, म्हणजे तुमची-आमची नव्हे, तुरुंगातली, बंद्याची घरच्यांशी जाळीपलीकडून होणारी भेट. एकाला मी त्याच्याच बायकोची भूमिका दिली. आधी तो लाजला, ओढणी म्हणून टॉवेल घेतला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग मी विचारायला लागलो. गावाहून किती वाजता निघाली? एसटी कुठली? पोराला कोणाकडे ठेवलं? त्याला एकही उत्तर देता येईना. आठ वर्षं ती येत होती आणि यानं कधी विचारलंच नव्हतं. टॉवेल घडी करून तो खाली बसला. पुढच्या भेटीत त्यानं ते सगळं विचारलं आणि लिहून आणलं. तो सुधारला, असा दाखला मी देणार नाही. ज्याच्या घरातला माणूस यानं मारला, त्याच्यापुढे असला दाखला घेऊन उभं राहायची माझी हिंमतही नाही.

2022 अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर 100 बंद्यांमागे 75 हून अधिक जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. त्यांना कामाची सक्ती नसते, त्यामुळे दिवस खायला उठतो. वर्गाला तेच जास्त येतात. मग ऐन तालमीत एखाद्याला जामीन होतो आणि आमचा नायक घरी जातो. दिग्दर्शक म्हणून कपाळावर हात, माणूस म्हणून आनंद. त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती नाटक फक्त 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला आठवण्याची. पाहुणे येतात, फोटो निघतो, आणि सोमवारपासून तालमीची खोली पुन्हा गोदाम.

म्हैसूरला रंगकर्मी हुलुगप्पा कट्टीमनींनी बंद्यांना घेऊन नाटकं बसवली आणि पोलीस बंदोबस्तात बाहेरच्या रंगमंचावरही नेली. बंगालमध्ये नृत्यांगना अलोकानंदा रॉय यांनी बंद्यांकडून रवींद्रनाथांचं 'वाल्मीकि प्रतिभा' करून घेतलं. दरोडेखोराचा कवी होतो, ती गोष्ट. नाटकवेड्या महाराष्ट्राला हे जमू नये?

नाटकासाठी शिक्षेत माफी मात्र देऊ नका. माफीसाठी आलेला माणूस पाठांतर करतो, नाटक नाही. मला आठवड्याचे दोन तास ठरलेले हवेत, आणि बंदोबस्ताला माणूस नाही म्हणून ते रद्द होऊ नयेत. तालीम चालू असेपर्यंत त्या बंद्याची दुसऱ्या कारागृहात बदली शक्यतो टाळावी. आणि वही. तिच्या पानांना आकडे घाला, अधीक्षकांचा शिक्का मारा, हवं तर महिन्याला वाचून बघा. पण ती त्याच्या सामानाच्या यादीत धरा.

झडतीत वही गेलेल्या त्या बंद्यानं नवी वही केली आहे. पानांना एक ते शंभर आकडे स्वतःच घातलेत. पहिल्या पानावर पट्टीनं चौकट आखून आत लिहिलंय : शिक्का.

आपला,
शनिवारचा नाटकाचा मास्तर