मनगट जुळले, पण हाडाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन जवळ आला की आपल्या अंकात हाडांच्या ठिसूळपणाच्या मोफत तपासणी शिबिरांच्या बातम्या येतात. मंगल कार्यालयात मांडलेल्या खुर्च्या, यंत्रात टाच ठेवून बसलेल्या बायका, हातात कॅल्शियमच्या गोळ्या. शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण मी सरकारी नोकरीत बराच काळ अस्थिरोग विभागात काढलेली परिचारिका आहे आणि निवृत्तीनंतर या आजाराची रुग्णही झाले आहे. या कामाची खरी जागा रुग्णालयातली प्लास्टर रूम आहे, हे मला कळकळीने सांगायचे आहे.

वॉर्डात एक क्रम मी सतत पाहिला. साठीच्या आसपास बाई ओल्या फरशीवर पडते, हात टेकते आणि मनगट मोडते. प्लास्टर होते, हाड जुळते, ती भाकरी थापायला लागते. सत्तरी ओलांडल्यावर तीच बाई खुबा मोडून स्ट्रेचरवरून येते. मधल्या काळात एखादा मणका दबून गेलेला असतो, उंची कमी झालेली असते. घरचे म्हणतात, वयाने पाठ वाकली. खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पुष्कळ जणी पुन्हा स्वतःच्या पायांवर न्हाणीघरापर्यंत जाऊ शकत नाहीत, आणि काही वर्षभरात जातात. पुरुषही यातून सुटत नाहीत. खुबा मोडल्यावर दगावण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिकच आहे.

माझे मनगट ६६व्या वर्षी मोडले. कार्डावर लिहून मिळाले : हात उंच ठेवा, बोटे हलवत राहा, सहा आठवड्यांनी दाखवा. हाड इतक्या साध्या पडण्याने का मोडले, याबद्दल अक्षरही नव्हते. मी स्वतःहून विचारले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी लगेच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लिहून दिली. म्हणजे त्यांना माहीत होते. विचारल्याशिवाय लिहायची पद्धत नव्हती, एवढेच. मला विचारता आले, कारण नोकरीच त्यात गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने काय विचारावे?

आमच्या तालुक्यात डेक्सा यंत्र नाही, त्यासाठी सांगलीला जावे लागले. तपासणी अगदी सोपी आहे. टेबलावर उताणे झोपायचे. कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. पंधरा मिनिटांच्या आत होते. सुई नाही, उपाशी राहणे नाही, फक्त आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही. किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. अहवालात टी-स्कोअर येतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपले हाड किती खाली आहे ते. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेले की ऑस्टिओपोरोसिस. माझ्या खुब्याचा आकडा उणे २.९ निघाला. त्याआधी एका शिबिरात टाच दाखवली होती, तेव्हा ‘थोडे कमी आहे, दूध घ्या’ म्हणून सांगितले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेली उणे २.५ ची रेषा डेक्सासाठी आहे. टाचेच्या अल्ट्रासाऊंडला ती जशीच्या तशी लावता येत नाही. टाचेच्या तपासणीवरून फार तर पुढची तपासणी करायची की नाही ते ठरवावे. शिबिरातून कॅल्शियम घेऊन घरी गेलेल्या बाईला वाटते, आपला उपचार सुरू झाला. तसे नसते. नाचणीची भाकरी, तीळ, दूध हे हवेच; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद प्रौढांना रोज १००० मिलीग्रॅम कॅल्शियम सांगते. पण हाड उणे २.९ वर गेल्यावर केवळ त्याने भागत नाही. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्यांचेही तेच. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ठरावीक काळापुरती लिहिलेली पुडी काही जण रोज घेतात, काही जण वर्षानुवर्षे. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

हाडांची झीज रोखणाऱ्या खऱ्या औषधांची माहिती रुग्णाला नीट कोणी सांगत नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा नाही. आपल्याकडे दिवस चहाने सुरू होतो. गोळी चहाबरोबर घेऊन पुन्हा आडवे झाले की छातीत जळजळते, मग ‘मला सोसत नाही’ म्हणून औषध सुटते. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे, त्याला ही अडचण नाही. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते आणि ते चुकवून चालतच नाही. दुसरे औषध सुरू न करता थांबवले तर कमावलेली घनता झपाट्याने जाते, लागोपाठ मणके मोडू शकतात. मुलाकडे पुण्यात पहिले इंजेक्शन घेऊन गावी परतलेल्या आजींच्या कार्डावर पुढची तारीख ठळक लिहिलेली असावी, ही काही मोठी मागणी नाही.

आमच्या भागातल्या साखर कारखान्यांकडे दर हंगामात बीडहून ऊसतोड टोळ्या येतात. त्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. त्यात ज्यांची अंडाशयेही ऐन तिशीत काढली गेली, त्यांच्या शरीरात हाडे जपणारे संप्रेरक कमी पडते आणि हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू झाली आहे. त्यांच्यासाठी साठीची वाट पाहायची नसते.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९९ पासून एक व्यवस्था आहे. पन्नाशीपुढच्या माणसाचे हाड मोडले की प्रशिक्षित परिचारिका त्याची नोंद घेते, घनता तपासून घेते, औषधापर्यंत पाठपुरावा करते. आपल्या जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत हे काम एका सिस्टरकडे सोपवता येईल. यंत्र नाही म्हणून अडायचे कारण नाही. उभ्या उभ्या पडून ज्या वृद्धेचा खुबा मोडला, तिला ऑस्टिओपोरोसिस आहे हे धरूनच चालायचे असते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून औषध सुरू करता येते. मनगटवाल्यांना डेक्सासाठी जिल्ह्याला पाठवावे आणि गरिबांसाठी ती तपासणी मोफत असावी, कारण खर्चाबरोबर त्यांचा दिवसाचा रोजगारही बुडतो.

आरोग्य विभागाने निदान एका जिल्ह्यात सुरुवात करावी. आमच्या जिल्ह्यात केली, तर प्लास्टर रूममधल्या सिस्टरांना हे काम शिकवायला मी आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला येईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
विटा, जि. सांगली