केमोच्या आधी तोंडाचं पण सांगा की

मा. संपादक,

केमो म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न केस जाणार का, दुसरा उलट्या किती होणार. तोंडाचं कुणी काढत नाही. माझ्या थोरल्या भावाला मायलोमासाठी (हा एक रक्ताचा कॅन्सर) बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी मेल्फलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस दिला, हॉस्पिटल बाहेरगावचं, नाव लिहित नाही, ट्रीटमेंट चांगलीच झाली पण तोंडाबद्दल आधी अवाक्षर नाही. आठवड्याभरात ओठाच्या आतून, गालाला, जिभेच्या कडेला सालं निघाल्यासारखं झालं, थुंकी गिळायची म्हटली तरी डोळ्यात पाणी.

घरी फोनवर सगळ्यांचं एकच, उष्णता झाली, सब्जा द्या, गुलकंद द्या. उष्णता नव्हे ओ ती. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यात नवं होत असतं, म्हणजे तिथल्या पेशी भराभर वाढणाऱ्या, आणि केमो भराभर वाढणाऱ्या पेशींनाच मारतं, त्याला कॅन्सरची कुठली नि गालाची कुठली हे कळत नाही. जुनं झिजतं, नवं तयार होत नाही, मग जखमा. डॉक्टर याला म्युकोसायटिस म्हणतात. शून्य ते चार ग्रेड असतात, तिसऱ्यात फक्त पातळ जातं, चौथ्यात तोंडाने काहीच नाही. साधारण दोन-तीन आठवड्यात, केमोने कमी झालेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी परत वाढायला लागल्या की भरून येतं, पण तोवरचे दिवस लई वाईट. आणि नुसतं दुखणं नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना तोंडातले जंतू त्या जखमांतून रक्तात जाऊ शकतात, म्हणून १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

चीड याची येते की काही गोष्टी आधीच करता आल्या असत्या. मेल्फलान चालू करायच्या पाच मिनिटं आधीपासून, ते चालू असताना आणि नंतरही थोडा वेळ तोंडात बर्फाचे तुकडे चघळायचे. गारव्याने तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध तोंडात कमी पोचतं. फाइव्ह-एफयू हे दुसरं केमोचं औषध झटकन शिरेतून देतात तेव्हा पण हे करतात, अर्धा तास. बर्फाला पैसे किती लागतात! पण गाडीवरच्या गोळ्याचा किंवा फॅक्टरीच्या लादीचा नाही हं, उकळून गार केलेल्या पाण्याचा. आणि सगळ्या केमोला हे चालत नाही, ऑक्झालिप्लॅटिन नावाच्या केमोमध्ये तर गार वस्तूंचाच त्रास होतो, म्हणून डॉक्टरला विचारूनच.

दातांचं पण तसंच. किडलेली दाढ, टोचणारी कड, सैल कवळी हे केमोच्या आधी बघून घ्यायला पाहिजे, नंतर दात काढणं अवघड होऊन बसतं. मऊ ब्रश, मीठ नि खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा, अल्कोहोलवालं माउथवॉश नको. मिसरी, मावा, तंबाखू बंद, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगावंच लागतं.

खाण्याचं तर विचारूच नका. नातेवाईक भेटायला येतात ते कडक भाकरी नि शेंगा चटणी घेऊन, प्रेमानेच, वर म्हणतात खाल्लं नाही तर ताकद कुठनं येणार. अहो त्या माणसाला त्या दिवसात तिखटाचा कण सुद्धा आगीसारखा लागतो. गार झालेली पातळ खिचडी, मऊ भात, मऊ शिजवलेली हुग्गी (गव्हाची खीर) कोमट करून द्या. नाहीच गेलं तर डॉक्टरला सांगा, दुखणं कमी करायला औषधं असतात, मॉर्फिन पण देतात, सहन करत बसण्यात शहाणपण नाही.

सोलापूरचे कितीतरी पेशंट बार्शीला, पुण्याला, मुंबईला जातात. जाईल तिथं पहिल्या केमोच्या आधी एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरात पेशंटच्या हातात द्यावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला नर्सबाईंनी पाच मिनिटं बसून सांगावं, घरच्यांसमोर.

- एक वाचक, सोलापूर