शौचालये मोजली, आता बाईला विचारा

ग्रामस्वच्छता सर्वेक्षणावरील आपला लेख पटला. शौचालय आहे का, वापरता का, एवढेच विचारून भागत नाही. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवून पहिला किमान वर्षभर बंद ठेवावा लागतो. जी रोज ते घासते, तिला दोन खड्ड्यांकडे मैला वळवणाऱ्या चेंबरमधला हा बदल कोणी दाखवला आहे का? दुरुस्तीचा खर्च ती स्वतः ठरवू शकते का? जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावच्या पाणी व स्वच्छता समितीत किमान ५० टक्के महिला हव्यात. त्या सभेत बोलतात की ठरावाच्या वहीवर नुसती सही करतात, हेही नोंदवा. आणि उत्तरे तिच्याच तोंडून घ्या, नवऱ्याकडून नकोत.

– एक निवृत्त ग्रामसेविका, सातारा