लिथियम बॅटरी बसवा, पण वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगरात माझा गाड्यांच्या वायरिंगचा गाळा आहे. २४ वर्षं हेच काम करतो. अलीकडे ट्रॅव्हलर आणि क्रूझरवाले एकच काम घेऊन येतात : मागच्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी बसवून द्या. मागणी रास्त आहे. अक्कलकोट-गाणगापूर करणाऱ्या गाडीत निम्मी माणसं साठीच्या पुढची. कुणाजवळ इन्सुलिनच्या न फोडलेल्या बाटल्या असतात, त्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या म्हणजे फ्रिज आला. मुक्कामाला पंखा आला, मोबाईल आले. सगळा लोड गाडीच्या बॅटरीवर टाकला की पहाटे सेल्फ लागत नाही.

बॅटरीही गुणाची आहे. १०० अँपिअर-अवरची ॲसिड बॅटरी पंचवीस-तीस किलो भरते आणि निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर लवकर मरते. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट बारा किलोच्या आसपास, आणि ८० टक्के वापरली तरी कुरकुरत नाही. ३.२ व्होल्टचे चार सेल, म्हणजे १२.८ व्होल्ट. मी ती आजही बसवतो. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती इतरांकडून होऊ नये म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात मी वायरिंग केलेली एक ट्रॅव्हलर करूळ घाट उतरत होती. आत अकरा माणसं. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत जाणारी जाड लाल वायर मी फ्लोअरच्या पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती. भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे धारेपासून वायर वाचवणारी कडी, घातला होता, तो हादऱ्यांनी सरकला. पत्र्याची धार वायरच्या आवरणात रुतत गेली आणि एका वळणावर तांबं पत्र्याला टेकलं. लिथियम बॅटरीतल्या बीएमएसनं, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटनं, आपलं काम केलं, क्षणात बॅटरी तोडली. पण वायरचं दुसरं टोक इंजिनाजवळच्या ॲसिड बॅटरीला होतं. तिला ना बीएमएस, ना मी घातलेला फ्यूज. सगळा करंट त्या वायरमधून पत्र्यात. मधल्या सीटखालून धूर आला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, माणसं भर पावसात उतरवली आणि दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढली. कुणाला इजा झाली नाही. खालच्या मॅटवर वायरच्या लांबीची जळकी रेघ उठली होती. ती मॅट मी गाळ्यात खिळ्याला लावून ठेवली आहे.

‘बीएमएस आहे की, फ्यूज कशाला?’ असं गिऱ्हाईक विचारतं, आणि तेव्हा मीही तसंच धरून चाललो होतो. बीएमएस सेल सांभाळतो, वायर नाही. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तर फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, आणि टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. त्यानंतर मी आधी केलेल्या सातही गाड्या बोलावून दोन्ही टोकांचे फ्यूज पुरे करून दिले. पैसे घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर असतं, अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, आणि तो तापून जळू शकतो. शिवाय बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वरखाली करतो, त्यामुळे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या साध्या रिलेवर बॅटरी पूर्ण भरतच नाही. मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा; तो करंट आवाक्यात ठेवून बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. वायर निदान १६ चौरस मिलिमीटरची. ६ ची घेतली तर पाच मीटरवर, ३० अँपिअरला, जाऊन-येऊन पाऊण व्होल्टच्या वर वायरच खाते. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) दाबायला क्रिम्पिंगचं यंत्रच वापरा, हातोडी नको. बॉनेटखालच्या उष्णतेत ही बॅटरी ठेवू नका. केदार-बद्रीला गाडी नेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते.

विक्रेत्यांना विनंती आहे, नुसत्या बॅटरीचा भाव सांगू नका. दोन फ्यूज आणि चार्जर धरूनच सांगा. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयनं आमच्यासारख्या जुन्या वायरमनसाठी चार दिवसांचा वर्ग काढला, तर गाळा बंद ठेवून मी पहिल्या बाकावर बसेन.

ज्यांच्या गाडीत अशी बॅटरी आधीच आहे, त्यांनी आज बॉनेट उघडून पुढच्या बॅटरीच्या प्लसवरून मागे जाणारी जाड वायर बघावी. वीतभरात फ्यूज दिसला नाही तर ती वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा आणि आपल्या नेहमीच्या वायरमनकडे जा. माझ्याकडे आलात तरी चालेल.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर