स्टॅबिलायझर बंद करून दिलास, त्याबद्दल

प्रिय मुली,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. टाक आणि दौत घेऊन चित्रं काढण्यात उभा जन्म घालवलेली माझ्यासारखी बरीच माणसं स्क्रीनवर चित्र काढायच्या टॅब्लेटपाशी येऊन घुटमळतात. तिथे त्यांना शंभर ब्रशांची यादी हातात ठेवणारे भेटतात, नाहीतर 'आता शाई कोण वापरतं?' असं विचारणारे भेटतात. मला तू भेटलीस.

आलीस तेव्हा टॅब्लेटला तू हातही लावला नाहीस. 'काकू, आधी शाईत काहीतरी काढा, मी बघते,' म्हणालीस आणि शेजारी बसून राहिलीस. कागदाकडे कमी आणि माझ्या मनगटाकडे जास्त बघत होतीस. त्या बघण्याचे आभार सर्वांत आधी. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

टाकाची निब मधून चिरलेली असते. हात खाली ओढताना दाब दिला की तिचे दोन दात फाकतात, शाई जास्त उतरते आणि रेघ भरते. दाब सोडला की दात मिटतात, रेघ बारीक होते. वर ढकलताना मात्र दाब देण्याची सोय नाही, टोक कागदात रुततं आणि शाई शिंतडते. म्हणजे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, हे निम्मं मनगट ठरवतं आणि निम्मं निब. स्टायलसला, म्हणजे टॅब्लेटच्या पेनाला, असलं कसलंच बंधन नाही. वर जा, खाली या, आडवं जा, दाबलं की रेघ जाड. स्क्रीनवर काढलेली माझीच चित्रं मला परकी वाटायची ती यामुळे, पण नेमकं काय खटकतंय ते मला बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ते तू ओळखलंस. क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रॅमचा ब्रश एडिटर उघडून रेघेच्या आकाराला दाबाच्या जोडीला दिशेचाही सेन्सर लावून दिलास, म्हणजे वर जाणारी रेघ आपोआप बारीक राहते. तो ब्रश वापरून पहिली झाडाची साल काढली, तेव्हा ती माझ्या हातची वाटली.

मग तू एकेक गोष्ट बंद करत गेलीस. आधी स्टॅबिलायझर. प्रोक्रिएट या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याला स्ट्रीमलाइन म्हणतात. हाताची थरथर गाळून रेघ गुळगुळीत करून देणारी ही सोय. लांब, वळणदार बाह्यरेषा काढणाऱ्यांना ती वरदान असेल. मी काढते पडक्या भिंती आणि म्हाताऱ्या माणसांचे हात. थरथर गाळली तर माझ्या चित्रात उरतं काय? मग ब्रशांच्या रांगा लपवल्यास, एक ठेवलास. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, दोनच: खाली पेन्सिलचा, वर शाईचा. शिकवायला आलेला माणूस काढून घेत जातो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दाबाचा आलेख, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ हे ठरवणारी वक्ररेषा, तर तू बोलता बोलताच बदललास. पेन दाबाच्या 8192 पायऱ्या ओळखतं, असं खोक्यावर छापलं होतं. पण निब वापरणाऱ्याचा हात मुळात हलका. त्यातल्या खालच्या थोड्याच पायऱ्या माझ्या वाट्याला येत होत्या. आलेखाची सुरुवात उचललीस आणि हात मोकळा झाला.

काढलेली रेघ मागे घेणाऱ्या अनडूवरून आपलं वाजलं होतं, आठवतं? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की शाईत मागे फिरणं नाही, म्हणूनच रेघ विचार करून ओढली जाते. तू माझ्या टेबलावरचं ब्लेड उचललंस आणि विचारलंस, 'मग हे कशाला आहे?' आता वाळलेली शाई ब्लेडने खरवडतात, पांढऱ्या शाईने झाकतात, हे खरंच. पण एक गोष्ट मी अजूनही सोडणार नाही. खरवडलेल्या जागी कागदाचा पोत उठतो. तो घोटून बसवला नाही तर तिथली पुढची रेघ फुटते. दुरुस्तीची किंमत मोजावी लागते, म्हणून ती माणूस मोजूनमापून करतो. अनडूला किंमत नाही. तू वाद न वाढवता म्हणालीस की एकदा रेघ मागे घेतली, तर दुसरी ओढायच्या आधी स्क्रीनवरून हात उचलायचा. तेवढं मी पाळते. बहुतेक वेळा.

सर्वांत मोठं काम तू छपाईच्या बाबतीत केलंस. झूम ही मोठी फसवी सोय आहे. 400 टक्क्यांवर कोरलेली सुंदर बारीक रेघ छापील पानावर दिसतही नाही. तू त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडून बाजूला लावून दिलीस, छापील आकारात. आता हात एका खिडकीत आणि डोळा दुसऱ्या खिडकीत असतो. ए-फोर पान 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांना, 4960 बाय 7016 पिक्सेल होतं आणि रेषाचित्राला तेवढं लागतं, हे तू माझ्या वहीत लिहून ठेवलंस. काळ्याबद्दलही. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातला, काळा चार रंगांच्या छपाईत गेला की तो चारही रंगांच्या प्लेटांत विभागला जातो, आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी रेघेला रंगीत कड येते. म्हणून फाइल ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांत, आणि काळा फक्त काळ्याच्या प्लेटवर. क्रॉस हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची छटा, स्क्रीनवर लहान करून दाखवलं की जवळजवळच्या रेघांतून भलत्याच लाटा दिसू लागतात, तेव्हा स्क्रीनसाठी थोडी विरळ रेघांची वेगळी प्रत करायची, हेही तुझंच. यातलं एकही वाक्य कुठल्या जाहिरातीत नव्हतं.

स्क्रीनवर पेनाने काढणं हे काल-परवाचं फॅड आहे, असं मी म्हणायचे. त्यावर तू शांतपणे सांगितलंस की आयव्हन सदरलंड यांनी 1963 साली एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात प्रकाशपेनाने थेट पडद्यावर रेघा काढता येत होत्या. माझी हयातभर वापरलेली काही पेनं त्यानंतरची आहेत. त्या दिवसापासून मी तो शब्द वापरत नाही.

तक्रारी शिल्लक आहेत, त्या आभारपत्रात लिहायला हरकत नसावी. काचेला कागदासारखा खरखरीतपणा नाही. खरखरीत फिल्म लावली तर स्टायलसचं टोक लवकर झिजतं आणि चित्राची चमकही जाते. दुसरं म्हणजे वाट बघणं संपलं. शाईत रेघांचा पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि त्या मधल्या वेळात चित्र परक्यासारखं बघून होतं. इथे काहीच वाळायचं नसतं, त्यामुळे हात डोळ्याच्या पुढे धावतो. आणि शेवटी हाती मूळ चित्र म्हणून काही राहत नाही, फाइल राहते. याला तुझ्याकडेही उत्तर नव्हतं आणि तू ते ओढूनताणून दिलं नाहीस, हेही मला आवडलं.

म्हणून सध्या माझं असं चाललंय: कच्चं काम आणि मांडणी टॅब्लेटवर, कारण तिथे माणसं उचलून इकडेतिकडे ठेवता येतात, आणि ज्याचं मूळ कुणाला हवं असेल ते पक्कं काम कागदावर. फक्त छपाईसाठीचं चित्र असेल तर सगळं स्क्रीनवरच होतं, आणि ते शाईचं आहे का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता तुझी पाळी. निबने काढायला शिकायचंय असं तू जाता जाता म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. सुरुवातीला जी निब घेऊ, ती लवचीक असली तरी धीर धरते. बोर्ड माझा, शाई माझी. बाह्या दुमडून ये, शेलॅकची काळी शाई कपड्यांवरून जात नाही. आणि येशील तेव्हा तो दिशेचा ब्रश पुन्हा एकदा बघ. डावीकडे वर जाणारी रेघ अजून जराशी जाड येतेय.

तुझी,
काकू